फोटोपुरती उंची

हल्ली उंच टाचांची चप्पल पायांत कमी आणि पिशवीत जास्त असते. लग्नाला निघालेली कुठलीही बाई बघा. खांद्याला पर्स आणि हातात वेगळी कापडी पिशवी. पूर्वी असल्या पिशवीत आहेराची साडी, ब्लाउजपीस, नारळ, फार तर लहान मुलाच्या कपड्यांचा जादा जोड असे. आता तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सोनेरी, साडेतीन इंची सँडल असते. कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत बाई सपाट चपलेवर येते, तिथे भिंतीला किंवा नवऱ्याला धरून आळीपाळीने एकेका पायावर उभी राहते, पट्टे लावते आणि आत शिरते ती साडेतीन इंच वाढूनच. उतरलेली चप्पल पिशवीत आणि पिशवी नवऱ्याच्या हातात. पुढचे दोन तास तो ती घेऊन हिंडतो. वधूपित्याला वाटतं, आहेर चांगलाच जड दिसतोय. ते दोनदा पुढे होऊन हात जोडतात.

जेवणं सुरू झाली की उलटी अदलाबदल होते. ताट हातात घेऊन उभ्याने जेवायचं, वर हीलवरही उभं राहायचं, हे दोन्ही एकदम करायला बाई तयार नसते. हिशेब सरळ आहे. प्रवेश, स्टेजवरचा फोटो आणि जिच्याशी बोलणं बंद आहे त्या जावेच्या समोरून एक फेरी, एवढ्यापुरती उंची. बाकी वेळ जमिनीवर.

बायकांनी हील सोडल्याच्या बातम्या मी अधूनमधून वाचते आणि मला त्या पटत नाहीत. सोडलेली नाही. तिला कायमच्या नोकरीतून काढून रोजंदारीवर घेतलं आहे, इतकंच. आणि रोजंदारीवर घेणारी मालकीण आता स्वतः बाई आहे, हा खरा फरक.

आमच्या कॉलेजच्या काळात हील दिवसभराची असे. सकाळी अडकवली की रात्री घरच्या उंबऱ्याशीच सुटका. वर्गात मुली बाकाखाली गुपचूप पाय मोकळे करत, आणि सरांनी नाव घेतलं की उभं राहण्याआधी पायाने चप्पल शोधायची धडपड सुरू होई. सरांना वाटे, मुलगी उत्तर आठवतेय. एखादीची चप्पल घसरत पुढच्या बाकाखाली गेलेली असली तर ती ‘येत नाही सर’ म्हणून मोकळी होई. उत्तर येत असूनही. अशा किती हुशार मुलींचे अंतर्गत गुण पेन्सिल हीलने खाल्ले असतील, याची नोंद विद्यापीठाकडे नाही.

बरं, ही सगळी भानगड मुळात बायकांची नाहीच. उंच टाच इराणच्या घोडेस्वारांची. रिकिबीत पाय पक्का अडकावा आणि उभं राहून बाण मारता यावा, म्हणून. घोड्याला टाच मारणारे आपल्याकडेही काही कमी नव्हते, पण ती टाच ज्याची त्याची, जन्मजात. सोळावं शतक सरता सरता इराणच्या शाह अब्बासचे वकील युरोपच्या दरबारांत गेले आणि तिथल्या सरदारांना त्यांच्या पायांतलं प्रकरण भलतंच मर्दानी वाटलं. मग घोडा राहिला तबेल्यात आणि टाच आली दिवाणखान्यात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर टाचा लाल रंगवून घेतल्या, आणि लाल टाच कुणी घालायची ते त्याच्या मर्जीवर ठरू लागलं. रिगो नावाच्या चित्रकाराने १७०१ साली काढलेलं त्याचं मोठं चित्र आहे. त्यात महाराज अंगरखा बाजूला सारून, एक पाय किंचित पुढे टाकून पोटऱ्या आणि लाल टाचा दाखवत उभे आहेत. आपल्या कुठल्याही रिसेप्शनचा फोटोग्राफर ‘मॅडम, थोडं तिरकं, पाय पुढे’ असं ओरडून जी पोझ घेतो, ती हीच.

त्याच्याही आधी व्हेनिसच्या श्रीमंत बायका लाकडी ठोकळ्यांवर चालत होत्या. जपून ठेवलेल्या जोडांपैकी काही जवळजवळ अर्धा मीटर उंचीचे आहेत. चालताना तोल जाऊ नये म्हणून दोन्हीकडे दासी लागत. दासींचा पगार आपल्याला परवडतो, हेच तर दाखवायचं होतं. अठराव्या शतकात पुरुषांना शहाणपण सुचलं, त्यांनी टाच उतरवली आणि ती बायकांकडेच राहिली. नकोसं झालेलं काम बायकांकडे सोपवून मोकळं व्हायची पद्धत तिथेही आहे म्हणायची.

आपल्या पुरुषांनी मात्र १९७० च्या दशकात ती मागून घेतली होती. त्या काळातला कुठल्याही मध्यमवर्गीय घरातला अल्बम उघडा. खांद्यापर्यंत पोचणारी कॉलर, बेलबॉटम, आणि बेलबॉटमच्या घेराखाली दडलेले दोन-अडीच इंची टाचांचे बूट. आमच्या काकांचा महाबळेश्वरला काढलेला असा एक फोटो आहे. त्यात ते काकूपेक्षा चांगलेच उंच दिसतात. प्रत्यक्षात दोघं सारखी. हेच काका पुढे आम्हा पुतण्यांना दारात अडवून ‘हे काय उंच उंच घातलंय, पाय मोडाल’ म्हणायचे. फोटो समोर धरला की म्हणायचे, “अगं, ती तेव्हा फॅशन होती.”

पण हील हा आपल्याकडे फॅशनचा विषय नंतर झाला. आधी तो लग्नाच्या बाजारातल्या गणिताचा विषय होता. मुलगी मुलापेक्षा उंच नको. फार ठेंगणीही नको. आदर्श फरक चार इंच, पण पत्रिका, गोत्र, शिक्षण आणि पगार हे सगळं जुळून वर नेमका चार इंचांचा फरक मिळणार कुठून? तिथे टाच कामाला येई. एकाच घरात थोरलीला ‘आधीच ताडमाड वाढल्येस, हील कशाला’ म्हणून सपाट चपला, आणि धाकटीला ‘अगं, जरा दिसायला तरी हवीस’ म्हणून हील. दोन्ही हुकूम त्याच आईचे. थोरली आयुष्यभर खांदे पाडून चालली आणि धाकटी आयुष्यभर पोटऱ्या दाबून घेत राहिली.

त्यात सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ज्या प्रसंगासाठी हा खटाटोप, त्या कांदेपोह्यांच्या वेळी हीलचा उपयोग शून्य. आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत! मुलगी अनवाणीच बाहेर येणार, ट्रे घेऊन, जमिनीकडे बघत. मग मुलाकडच्यांनी मुलीला आधी बाहेर कुठे पाहिलेलं असलं, तर आत येताना त्यांच्यातली एखादी आत्या दारातल्या चपलांवर नजर टाके. सपाट कोणती, टाचांची कोणती, टाच केवढी. तेवढी तिथल्या तिथे वजा. पोहे तोंडात जायच्या आत मुलीची निव्वळ उंची निघालेली असे. अशी एक आत्या आमच्याही घरात होती. टेलरची टेप नसतानाही तिचा अंदाज अर्ध्या इंचाने चुकत नसे.

आता हे गणित उलटं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. भाचीच्या रिसेप्शनमध्ये नवरी पाच फूट सात आणि वर हील. नवरा तिच्या कानाशी. कोणाचंही काही बिघडलं नाही. स्टेजवर मी आशीर्वाद द्यायला म्हणून जवळ गेले तेव्हा नवरदेव जरा अवघडून उभे दिसले. म्हटलं, दमले असतील. नंतर कळलं की मोजडीच्या आत टाचेखाली सिलिकॉनचे जाड तुकडे घातले होते आणि त्यातला उजवा सरकला होता. भाचीने मात्र पाऊण तासाने हील काढून सोफ्यामागे ढकलली, घागऱ्याच्या आत पांढरे स्नीकर्स चढवले आणि पुढच्या तीनशे लोकांचे आहेर आरामात घेतले. जावईबापू शेवटपर्यंत मोजडीतच होते. त्यांच्यासाठी कुणी पिशवी आणलेली नव्हती.

साडीचं प्रकरण आणखी नाजूक आहे. साडी हील घालूनच नेसायची असते, हे बायकांना माहीत असतं आणि पुरुषांना कधीच कळत नाही. निऱ्यांची खालची कड जमिनीला टेकली-न टेकली अशी हवी, म्हणजे साडी नेसताना टाचेची उंची धरूनच खोचावी लागते. पण घरात चप्पल घालायची नाही! मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पुसून घेतलेली हील घालून उभं राहायचं आणि बहिणीने किंवा मुलीने खाली गुडघ्यावर बसून एकेक निरी ओढून सारखी करायची. ‘हलू नकोस, फॉल दिसतोय’, ‘मागून वर गेलीय’, ‘श्वास सोड आता’ असा संवाद. एवढं करून तयार झालेली बाई कार्यालयात हील काढेल कशी? काढली की साडी तीन इंच लोळणार, आणि लोळणाऱ्या साडीवर पहिला पाय पडणार तो विहिणीचा. पायांसाठी नाही, साडीसाठी आमच्या पिढीने रात्र रात्र हीलवर काढली.

यावर तोडगा निघाला तो शिक्षणातून नाही की चळवळीतून नाही, पार्लरमधून. हल्ली साडी नेसवून देणारी मुलगी घरी येते. पिनांचा डबा उघडायच्या आधी ती दोन प्रश्न विचारते. “ताई, हील किती इंची?” आणि “किती वेळ घालणार?” दुसरा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो फारच आवडला. आजवर कुणी बाईला हा प्रश्न विचारलाच नव्हता. मी म्हटलं, फोटो होईपर्यंत. ती म्हणाली, “मग मध्यावर नेसवते. हीलवर बोटभर वर वाटेल, चपलेवर बोटभर खाली. कुणी बघत नाही, काकू.” इंच आणि तास या दोन्हींचा हिशेब घालून तिने निऱ्या खोचल्या. रात्री बारा वाजता घरी आले तेव्हा फॉल जागच्या जागी होता.

मुंबईच्या लोकलने हा हिशेब त्याच्या खूप आधी शिकवला होता, हेही सांगायला हवं. लेडीज डब्यात हील घालून शिरणं म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्यांचाही जीव धोक्यात घालणं. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही, शाळेतलं विज्ञान आहे. चार टनांचा हत्ती चार पसरट पायांवर उभा राहतो, तेव्हा चौरस सेंटिमीटरमागे साधारण किलोभर भार पडतो. साठ किलोंची बाई एक चौरस सेंटिमीटरच्या पेन्सिल हीलवर सगळा भार टाकते तेव्हा साठ किलो. ठाण्याला गर्दीत तुमच्या पायावर कोण पडावं याची निवड दिली तर डोळे मिटून हत्ती घ्या. १९५० च्या दशकात पॅरिस आणि इटलीतल्या कारागिरांनी टाचेच्या आत पोलादी कांडी घालून ती एवढी बारीक केली, आणि लगेचच तिकडच्या लाकडी फरशांना खड्डे पडू लागले. इथे फरशीच्या जागी शेजारणीचा अंगठा असतो. म्हणून लोकलच्या बाईने केव्हाच शिस्त लावून घेतली होती. प्रवासाला सपाट चप्पल, हील ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. साहेबाने बोलावलं की ड्रॉवर उघडायचा. काही ऑफिसांत साहेब बाहेरगावी आहेत की नाही हे ड्रॉवरच्या आवाजावरून कळत असे.

राहिलेलं काम महानगरपालिकेने केलं. स्त्रियांच्या पायांच्या आरोग्यासाठी आपल्या महापालिकांनी जे योगदान दिलं आहे त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही. फुटपाथवर पेव्हर ब्लॉक बसवले. दोन ब्लॉकमधली फट बरोबर पेन्सिल हीलच्या मापाची. त्यातून वाचलात तर पुढे गटाराची जाळी, तिच्यातून वाचलात तर जिथे ब्लॉकच नाही असा चौकोनी खड्डा. पुण्यात म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंतच्या डी. पी. रस्त्यावर लग्नाच्या लॉन्सची रांग आहे. तिथे हिरवळीवर संध्याकाळी पाणी मारतात आणि सातच्या मुहूर्ताला पाहुण्या बायका जागोजाग रुतून उभ्या असतात. पाय उचलावा तर चप्पल जमिनीतच राहते. म्हणून त्या गप्पा मारत असल्याचं दाखवतात. कुणीतरी ओढून काढेपर्यंत.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये कार्मेल-बाय-द-सी नावाचं एक टुमदार गाव आहे. तिथे झाडांच्या मुळांनी फुटपाथ उचलले गेलेले. कुणी अडखळून पडलं आणि नगरपालिकेवर दावा ठोकला तर? म्हणून १९६३ साली त्यांनी नियम केला की दोन इंचांहून उंच आणि बुडाशी एक चौरस इंचाहून बारीक टाच घालून गावात हिंडायचं असेल तर परवाना काढावा. परवाना फुकट मिळतो आणि पर्यटक तो हौसेने आठवण म्हणून नेतात. हा नियम आपल्याकडे येऊ नये अशी माझी प्रार्थना आहे. दोन प्रतींत अर्ज, रहिवासाचा पुरावा, टाचेची सत्यप्रत आणि ‘साहेब साइटवर गेलेत’ हे ऐकेपर्यंत लग्नसराई संपेल.

लक्ष्मी रस्त्यावरच्या चपलांच्या दुकानात गेलात तर बदल एका नजरेत कळतो. पूर्वी समोरच्या काचेत हील असे आणि ‘डेली वेअर’ मागे, पंख्याखाली. आता काचेत स्नीकर्स, चपट्या बॅली, मऊ तळाच्या चपला. हील विचारली की मुलगा छताकडे बघतो. छताला चौकोनी भोक असतं. “पार्टीवेअर टाक रे, सोनेरी, अडतीस!” असं तो भोकात ओरडतो आणि वरून एकामागून एक खोके खाली पडतात. ते तो न बघता झेलतो. खोक्यात जी हील निघते तिच्या पहिल्याच वर्णनात माघार असते. “ताई, ही दिसते तीन इंच, पण पुढे एक इंच प्लॅटफॉर्म आहे, म्हणजे पायाला दोनच लागते.” किंवा “ब्लॉक आहे, पेन्सिल नाही, आत कुशन आहे, दिवसभर घाला.” पंधरा वर्षांपूर्वी हाच म्हणत होता, “मॅडम, हाइट बघा काय येते!” चालून बघायला अजूनही तोच तीन फुटांचा गालिचा. त्या गालिच्यावर जगातली कुठलीही चप्पल चावत नाही.

सगळं काही हिरवळ आणि फुटपाथवर सोडून भागलं नाही, हेही खरं. काही ठिकाणी भांडावं लागलं. लंडनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये निकोला थॉर्प ही मुलगी रिसेप्शनच्या तात्पुरत्या कामावर पहिल्या दिवशी सपाट बुटांत गेली. तिला सांगितलं, दोन ते चार इंचांची टाच घालून ये. ती नाही म्हणाली, तर बिनपगारी घरी पाठवलं. तिच्या अर्जावर दीड लाखाच्या वर सह्या झाल्या, ब्रिटिश संसदेत चर्चा झाली आणि सरकारने शेवटी सांगितलं की आहेत ते कायदे पुरेसे आहेत. सरकार कुठलंही असो, हे वाक्य त्यांना पाठ असतं. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा या लेखिकेने हीलच्या सक्तीविरुद्ध मोहीम काढली. तिला ही सक्ती भोगावी लागली ती अंत्यविधी करणाऱ्या संस्थेत काम करताना. तिथे जो मुख्य पाहुणा, तो उंचीकडे बघण्याच्या पलीकडे गेलेला. तरी टाच हवीच! मजूरमंत्री म्हणाले, कामाच्या जागी हे आवश्यक आणि योग्य मानलं जातं. मंत्रिमहोदयांच्या पायांत काय होतं ते बातमीत आलं नाही. पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने आपल्या हवाई सुंदरींवरची हीलची सक्ती उठवली. आपल्याकडे २०२२ मध्ये सुरू झालेल्या अकासा एअरने तर पहिल्या दिवसापासून स्नीकर्सच दिले.

कान चित्रपट महोत्सवात २०१५ साली सपाट चपला घातलेल्या काही बायकांना लाल गालिच्यावरून परत पाठवलं, अशी ओरड झाली. पुढच्या वर्षी ज्युलिया रॉबर्ट्स तिथल्या पायऱ्या अनवाणी चढली आणि २०१८ मध्ये क्रिस्टन स्ट्यूअर्टने गालिच्यावरच बूट काढून हातात घेतले. जगभर छायाचित्रं छापून आली. आपल्याकडे पर्वतीच्या पायथ्याला रोज शेकडो बायका चपला हातात घेतात, कुणी कॅमेरा काढत नाही.

आता सपाट चपलेची बाजू घेणाऱ्यांशीही माझं थोडं भांडण आहे. सपाट म्हणजे सुखाची, हे ज्यांना वाटतं त्यांनी नवीकोरी कोल्हापुरी घालून बघावी. पहिले पंधरा दिवस ती अंगठ्याच्या बेचक्यात अशी चावते की तेल लावा, पट्टी लावा, देवाला नवस करा. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानमध्ये तशीच चप्पल पुरुष मॉडेलांच्या पायांत घालून मिरवली. कोल्हापूरचं नावही न घेता. इथे गदारोळ झाला तेव्हा त्यांनी प्रेरणा कुठली ते कबूल केलं. माझी एक मैत्रीण म्हणाली, बघ, आता इटलीतही सपाट. मी म्हटलं, आधी त्या मॉडेलांच्या बेचक्यांचे पंधरा दिवसांनंतरचे फोटो येऊ देत.

डॉक्टरही कुणा एकाच्या बाजूचे नाहीत. रोज उंच हील घातली तर पोटरीचे स्नायू आखडतात, टाचेमागची शीर ताठर होते आणि मग सपाट चालायला गेलं तरी दुखतं. सगळा भार चवड्यांवर येतो आणि अंगठ्याशेजारचं हाड बाहेर यायला मदत होते. ठीक. पण अगदी पातळ तळाची चप्पल घालून बारा-बारा तास ओट्याशी उभ्या राहिलेल्या, जन्मात हील न घातलेल्या माझ्या सासूबाईंनाही टाचदुखी झालीच. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की कळ डोक्यात. अस्थिरोगतज्ज्ञांनी गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवायला सांगितला आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, एमसीआर चप्पल, घरातसुद्धा. टाच किंचित उंच असलेली.

सासूबाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. पन्नास वर्षं ज्या घरात चप्पल घालून स्वयंपाकघरात पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती, त्या घरात आता त्या स्वतः निळी, मऊ, अर्धा इंच चढाची चप्पल घालून भाकऱ्या थापतात. सुरुवातीला देव्हाऱ्याकडे पाठ करून जायच्या. परवा म्हणाल्या, “ओटा आता बरोबर मापात येतो गं. इतकी वर्षं उंचच पडत होता.” ओट्याची उंची ठरवणाऱ्या गवंड्याने त्यांना कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

आणखी एक सांगून ठेवते. हीलवर लक्ष ठेवणाऱ्या आत्या संपलेल्या नाहीत, फक्त बाजू बदलून उभ्या आहेत. हौसेने रोज हील घालणारी एक मुलगी आमच्या ओळखीत आहे. बँकेत काम करते. उंची जेमतेम चार फूट दहा. काउंटर उंच, खुर्ची बुटकी. तिचं म्हणणं, हीलवर उभी राहिले की गिऱ्हाइकाला माझा चेहरा दिसतो, नाहीतर नुसता अंबाडा. तिला कारण विचारायची खरं तर कुणालाच गरज नाही. पण जेवणाच्या सुट्टीत स्नीकर्सवाल्या मैत्रिणी तिला मणक्याचे व्हिडिओ दाखवतात, ‘आम्ही तुझ्या भल्यासाठी सांगतो’ म्हणतात. हे वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं ते आठवायला फार वेळ लागला नाही. दुचाकीवाल्या पुणेकर मुलींचंही तसंच. कमी उंचीच्या मुलीला सिग्नलला पाय टेकायचे तर जाड तळाची चप्पल लागते. ती तिची हौस नाही, तो तिचा स्टँड आहे.

आमच्या सोसायटीने यातून मधला मार्ग काढला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने लग्नात घेतलेली सोनेरी ब्लॉक हील व्हॉट्सॲपच्या महिला गटात टाकली. ‘एकदाच वापरलेली, ३८ नंबर, विकणे आहे.’ विकत कुणी घेतली नाही. पण आम्हा चौघींचा नंबर ३८ निघाला आणि प्रत्येकीला वर्षातून दोनदाच लागते हेही निघालं. तेव्हापासून ती जोडी फिरती आहे. जिच्याकडे कार्य, तिने आदल्या दिवशी न्यायची, पुसून, आतल्या कागदाच्या बोळ्यांसह परत करायची. टाचेचं रबर झिजलं तर शेवटी वापरलेली मोच्याकडे नेणार. या नियमावर एकदा वाद झाला. कारण जिन्यावरून उतरताना झिजली की स्टेजवर, हे सिद्ध करता येईना.

यंदा मे महिन्यात पंचाईत झाली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या भावाचं लग्न आणि माझ्या चुलतजावेच्या मुलीचं, दोन्ही एकाच तारखेला. एक कोथरूडला, एक हडपसरला. दोघींनी कॅलेंडरवर एकाच तासाच्या अंतराने नाव लिहिलेलं. प्रकरण सेक्रेटरींकडे गेलं. त्यांनी पाण्याच्या टँकरचा तंटा सोडवताना करतात तसा चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं, एकीने सीमांतपूजनाला घाला, दुसरीने रिसेप्शनला. मधे पोचवायला माझा मुलगा स्कूटरवर जाईल, पेट्रोल अर्धं अर्धं. आम्ही दोघी तयार झालो. अडलंय ते एवढ्यावरच की वहिनींच्या साडीचा फॉल साडेतीन इंचांच्या मापाने लागलाय, त्या रिसेप्शन सोडायला तयार नाहीत, आणि सीमांतपूजनाला पाटावर बसायचं असतं, तिथे हील घेऊन मी करू काय?